पक्की ऑर्डर कोणती आणि नुसता प्रस्ताव कोणता?

मागील महिन्यात आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण यंत्रमागधारक असरच्या नमाजनंतर आमच्या दुकानात आला. चेहरा खुललेला होता. त्याने मोबाईल पुढे केला. त्यात २४ पानांची रंगीत फाईल होती. एका इस्पितळ समूहाचे बोधचिन्ह, पांढऱ्याशुभ्र खाटा, त्यांवर निळ्या काठाच्या चादरी, खाली मीटरचे आकडे.

"चाचा, वर्षाला दोन लाख मीटरचे काम मिळाले. चार रॅपिअर माग बघून ठेवले आहेत. आठ दिवसांत विसार द्यायचा आहे. घेऊ ना?"

आम्ही म्हणालो, "बेटा, आधी ऑर्डर दाखव."

"हीच तर आहे, चाचा."

आम्ही चष्मा लावून चोवीसही पाने पाहिली. त्यांत चादरी होत्या, पडदे होते, धुलाईनंतर रंग कसा टिकतो याचा तक्ता होता. ऑर्डर मात्र कोठेच नव्हती. एका मार्केटिंगवाल्याने त्या इस्पितळाला दाखविण्यासाठी तयार केलेला तो प्रस्ताव होता. इस्पितळाने तो पाहिला आहे की नाही, हेही त्यावरून कळत नव्हते.

त्या मुलाला हसावे असे आम्हाला मुळीच वाटले नाही. कारण हीच चूक आम्ही स्वतः केलेली आहे, आणि ती केली तेव्हा आमचे वय त्याच्या दुप्पट होते.

सन २०१८ च्या फेब्रुवारीत एक एजंट आमच्याकडे आला. एका शाळा-समूहाच्या गणवेशाचे 'काम' त्याच्या हातात होते. फाईल अशी देखणी, की तिच्यातली मुले चौकड्याचे शर्ट घालून हसत होती! शाळेचे चिन्ह प्रत्येक पानावर होते. पहिली खेप १२ हजार मीटर, मेअखेर माल हवा, जूनमध्ये शाळा उघडणार. आम्ही नमुन्याचे वीस मीटर विणून दिले, ते पसंत पडल्याचा निरोप आला. एजंट म्हणाला, "सेठ, काम आपलेच आहे, कागद येतच आहे. पण सूत आज घेतले नाही तर मे महिना हुकेल." आम्ही सुमारे २,७०० किलो रंगीत सूत महिन्याच्या उधारीवर उचलले, जवळजवळ साडेसहा लाखांचे. बीम भरले. दोन मागवाल्यांना सांगितले की माग मोकळे ठेवा, पक्के काम आहे.

एप्रिल उजाडला तरी कागद आला नाही. शेवटी आम्ही स्वतः शाळेच्या मुख्य कार्यालयात गेलो. तेथील व्यवस्थापकांनी अदबीने बसविले, चहा दिला आणि सांगितले की गणवेशाचे काम जुन्या पुरवठादाराकडेच राहिले आहे. तुमच्या एजंटाला आम्ही अर्ध्या तासाची भेट दिली होती, त्याने फाईल दाखविली, आम्ही 'पाहू' म्हणालो. बस्स, एवढेच.

रंगीत सुताचे एक वैशिष्ट्य असते. पांढरे सूत कोणीही परत घेतो किंवा दुसऱ्या कामात खपते. एका शाळेच्या चौकड्यासाठी रंगविलेले सूत दुसऱ्या कोणाच्याच उपयोगाचे नसते. ते तुकड्यातुकड्याने विकता विकता वर्ष गेले. सुताचा घाटा, बीम भरण्याचा खर्च आणि उधारीवरचे व्याज मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास खड्डा पडला. पण आम्हाला जास्त टोचले ते दुसरेच. त्या दोन मागवाल्यांनी आमच्या शब्दावर तीन आठवडे दुसरे काम नाकारले होते. एकाच्या घरी त्याच महिन्यात मुलीचे लग्न होते. 'पक्के काम आहे' हे वाक्य त्यांना एजंटाने सांगितले नव्हते, ते आम्ही सांगितले होते. त्यांना आम्ही निम्मी मजुरी दिली. पूर्ण द्यायला हवी होती.

नंतर ती फाईल पुन्हा वाचली, तेव्हा दिसले की एजंटाने लेखी खोटे काहीच लिहिले नव्हते. तिसऱ्या पानावर 'प्रस्तावित गणवेश' असे होते. आकड्यांच्या वर 'अंदाजे वार्षिक गरज' असे होते. शाळेचे चिन्ह त्याने स्वतःच छापले होते, आणि आम्ही त्या चिन्हालाच सही समजलो.

हा फरक आपल्या लोकांना समजायला खरे म्हणजे अवघड जाऊ नये. लग्नाच्या बाबतीत आपण तो नीट पाळतो. पैगाम येतो, मुलगी पाहिली जाते, दोन्ही घरी मिठाई होते, कधी मंगनीही होते. तरीही जोवर साक्षीदारांसमोर ईजाब आणि कबूल होत नाही तोवर निकाह झाला असे कोणी म्हणत नाही. व्यापारातही फुकहांनी हेच दोन शब्द वापरले आहेत. एकाकडून ईजाब, दुसऱ्याकडून कबूल, तेव्हा सौदा. त्याआधी जे काही असते तो फार तर वादा, अक्द नव्हे. माल तयार करून देण्याच्या ऑर्डरीला हनफी फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात, आणि त्यात वस्तू कोणती, कशी, किती हे ठरलेले असावे लागते. सन १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या उस्मानी 'मजल्ला' या संहितेने तर असे ठरविले की इस्तिस्ना एकदा झाला की कोणाही एकाला मागे फिरता येणार नाही. म्हणजे पक्केपणा दोन्ही बाजूंचा असतो. आम्ही मात्र त्या वर्षी एकटेच कबूल कबूल म्हणत बसलो होतो!

देशाचा कायदाही याहून वेगळे सांगत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम २ मध्ये प्रस्ताव म्हणजे काय आणि स्वीकृती म्हणजे काय हे वेगवेगळे दिले आहे, आणि कलम ७ म्हणते की स्वीकृती संपूर्ण आणि बिनशर्त असली पाहिजे. 'माल पसंत आहे, पण भाव दोन रुपये कमी करा' ही स्वीकृती नाही. तो समोरच्याचा नवा प्रस्ताव आहे, आणि आता 'हो' म्हणण्याची पाळी आपली आहे. 'वरिष्ठांची मंजुरी मिळताच' हे शब्द असले तरी ती अजून स्वीकृती नव्हे.

भाव विचारणे आणि भाव सांगणे याविषयी एक जुना मुकदमा वकील मंडळी नेहमी सांगतात. जमैका बेटावरील एका जमिनीबद्दल खरेदीदाराने तार केली की विकणार का, कमीत कमी किंमत कळवा. मालकाने फक्त किंमत कळविली, ९०० पौंड. खरेदीदार म्हणाला, मला मंजूर, सौदा झाला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८९३ मध्ये निकाल दिला की सौदा झालेला नाही. किंमत सांगणे म्हणजे विकायला तयार होणे नव्हे. आपल्या बाजारात रोज पन्नास भावपत्रके सुटतात. त्यांतले एकही ऑर्डर नसते, मग पार्टी कितीही मोठी असो.

आता कागदांकडे वळू. सगळे कागद सारखेच पांढरे असतात, त्यामुळे फसगत होते.

इरादापत्र हा त्यांतला सर्वात फसवा कागद. त्यावर कंपनीचे नाव असते, सही असते, शिक्काही असतो. मजकूर मात्र एवढाच असतो की आम्ही तुम्हाला काम देण्याचा विचार करीत आहोत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानच्या सहकारी दुग्ध महासंघाच्या प्रकरणात हा प्रश्न पाहिला. त्यात एका विपणन फर्मला इरादापत्र दिले गेले होते. न्यायालयाने सांगितले की अशा पत्राने करार करण्याचा इरादा तेवढा व्यक्त होतो, बंधनकारक संबंध निर्माण होत नाही. पत्रातील शब्दांवर काही अवलंबून असते हे खरे, पण अशा पत्राच्या भरवशावर सूत उचलू नये.

दर-करार हा दुसरा. सरकारी खाती आणि मोठ्या संस्था वर्षभराचा दर ठरवून घेतात. आपल्याला वाटते की वर्षभराचे काम मिळाले. दर मिळाला, काम नाही. प्रमाणाची हमी दिलेली नसेल तर त्यांच्याकडून प्रत्येक वेळी जो मागणी-आदेश येईल तेवढीच ऑर्डर. निर्यातदार हंगामाच्या सुरुवातीला 'यंदा इतके मीटर लागतील' असा अंदाज देतात, त्याचेही असेच.

प्रोफॉर्मा बिल तर आपण स्वतःच बनवून देतो. आपण दिलेला कागद आपल्यासाठी ऑर्डर कसा होईल? तो समोरच्याने सही करून परत पाठविला, किंवा त्यावर विसार जमा केला, तर गोष्ट वेगळी.

जांगड माल आपल्या बाजारात जुना आहे. दुकानदार चार ताके पाहायला नेतो, नोकर चलन करतो आणि मालक रात्री विक्रीत धरतो. माल विक्री कायदा १९३० च्या कलम २४ प्रमाणे पसंतीवर दिलेला माल, पसंती कळविल्याशिवाय किंवा मुदत उलटून माल ठेवून घेतल्याशिवाय विकला गेला असे होत नाही. मुदत ठरलेली नसेल तर 'वाजवी वेळ' किती यावर तंटा होतो. म्हणून जांगडच्या चलनावर 'पसंती अमुक तारखेपर्यंत' हे लिहावेच.

परदेशी पार्टीच्या पतपत्राबद्दल थोडक्यात. पतपत्राचा मसुदा म्हणजे पतपत्र नव्हे. ते आपल्या बँकेकडून, खरेपणा तपासून हाती आले म्हणजेच आले. सन २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पतपत्र मुळातच रद्द न होणारे असते, त्यामुळे ते नीट असेल तर त्याच्याइतका भक्कम कागद दुसरा नाही. मात्र त्यातल्या अटी आणि तारखा अक्षरशः पाळाव्या लागतात.

मग खरी ऑर्डर कशी ओळखावी? आम्ही आता एकच गोष्ट आधी बघतो. समोरच्याने स्वतःचे काय गुंतविले आहे? प्रस्तावात फक्त आपले जाते. आपले सूत, आपला नमुना, आपला वेळ. ऑर्डरीत त्याचेही काहीतरी अडकलेले असते. निदान अधिकार असलेल्या माणसाची सही, आणि त्याबरोबर ऑर्डर क्रमांक, पन्ना, वजन, मीटर, दर, पोहोचविण्याची तारीख, माल उतरविण्याचा पत्ता, जीएसटी क्रमांक, पैसे किती दिवसांत. २०१८ च्या त्या फाईलमध्ये माल उतरविण्याचा पत्ता नव्हता. बारा हजार मीटर कापड कोणत्या दारात उतरवायचे हे ज्याला माहीत नाही, त्याने ते मागितलेलेच नाही, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. आकडेही पाहावेत. खरी ऑर्डर ११,४६० मीटरची असते, कारण कोणीतरी मुले मोजलेली असतात. स्वप्नाचा आकडा बहुधा गोल असतो.

जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पडताळता येतो. मुलांना सांगितले तर दोन मिनिटांत करून देतात. त्याहून मोठी पडताळणी म्हणजे ज्याच्या नावावर काम आहे त्याच्या खरेदी विभागाला थेट विचारणे. एजंट म्हणेल, "सेठ, मध्ये बोलू नका, काम बिघडेल." प्रामाणिक दलालाला त्याची दलाली बुडण्याची भीती असते, ती रास्त आहे. त्याला दलाली लिहून द्यावी, आणि मग विचारावे. तरीही नको म्हणत असेल तर समजून घ्यावे.

तोंडी सौद्याचे काय, असे जुने लोक विचारतील. कापड बाजारात पिढ्यान्पिढ्या जबानीवर लाखोंचे व्यवहार झाले. कायद्यातही तोंडी करार चालतो. अडचण पुराव्याची. सूर-ए-बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे आणि ती कुरआनातील सर्वात लांब आयत आहे, हे आपल्याकडे मुलांनाही माहीत असते. तरी आपण 'भरवसा नाही का?' असे म्हणून लिहिणे टाळतो. आता तर सोपे झाले आहे. बोलणे झाले की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पाठवाव्यात, आज ठरले ते असे, बरोबर असल्यास होकार कळवावा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये पुढे घातलेल्या कलम १०-अ मुळे, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार फेटाळता येत नाही. संदेश मात्र पुसू नयेत.

नमुन्याविषयी आमच्या कारागीर भावांना आणि घरी बसून भरतकाम करणाऱ्या भगिनींना वेगळे सांगायचे आहे. त्यांचे नुकसान सुताचे नसते, नक्षीचे असते. पार्टी येते, तीन नमुने करून घेते, 'साहेबांना दाखवितो' म्हणून नेते, आणि दोन महिन्यांनी तीच नक्षी दुसऱ्या गल्लीत निम्म्या मजुरीत होताना दिसते. फुकट नमुना हा प्रस्तावाचा खर्च आहे, आणि तो नेहमी गरिबाच्याच अंगावर पडतो. नमुन्याची किंमत घ्यावी, ऑर्डर आल्यास वळती करून द्यावी. जो पाचशे रुपये देत नाही तो पाच हजार नगांची ऑर्डर देणार आहे, यावर कसा विश्वास ठेवावा? ऑर्डर आल्यावर नमुन्याचे दोन तुकडे करावेत, दोन्हींवर दोघांच्या सह्या, एक आपल्याजवळ. माल विक्री कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नमुन्यावर ठरलेला माल नमुन्यासारखा असलाच पाहिजे. उद्या वांधा निघाला तर आपला तुकडाच साक्ष देतो.

आता थोडे आपल्या बाजूचे. प्रस्तावाला काम म्हणून मिरविण्याची सवय फक्त एजंटांना नाही. जाहिरातीच्या धंद्यात एजन्सीवाले मागणी नसतानाही मोठ्या कंपनीच्या नावाने नमुन्याच्या जाहिराती करतात. मार्च २०१३ मध्ये भारतातील एका नामांकित एजन्सीतील लोकांनी फोर्ड कंपनीच्या फिगो मोटारीची काही चित्रे केली. मोटारीच्या डिकीत हातपाय बांधलेल्या स्त्रिया दाखविल्या होत्या. कंपनीने ती मंजूर केलेली नव्हती, पैसे देऊन कोठे छापलीही नव्हती. पण ती एका संकेतस्थळावर चढविली गेली आणि जगाने त्यांना फोर्डचीच जाहिरात मानले. कंपनीला माफी मागावी लागली, एजन्सीच्या मालक समूहालाही मागावी लागली, आणि एजन्सीतील काही जणांच्या नोकऱ्या गेल्या.

आपल्याकडे चित्रे नसतील, कार्डे असतात. एखाद्या मोठ्या दुकानाला एकदा नमुना दाखविला की कार्डावर 'अमुक यांचे पुरवठादार' छापून येते. बँकेच्या कर्जासाठी 'हातातील ऑर्डरी' या रकान्यात बोलणी चालू असलेली सगळी नावे भरली जातात. हिशेब लिहिणारा म्हणतो, सगळेच भरतात. सगळे भरत असतील, पण ते खोटे आहे, आणि बँकेने एका पार्टीला फोन केला की सगळी पत जाते. 'बोलणी चालू' असे लिहिले तर कमी पैसे मिळतील, जितके फेडता येतील तितके मिळतील.

आम्ही २०१८ नंतर दोन वह्या केल्या. कच्ची वही म्हटले की आपल्या बाजारात लोक दुसरेच काही समजतात, म्हणून आम्ही त्यांना निळी आणि लाल म्हणतो. निळीत चौकशा, भाव, नमुने, फायली. लालीत फक्त सही किंवा विसार आलेली कामे. सूत लालीवरून घ्यायचे, मागवाल्याशी लालीवरून बोलायचे, निळीतील कामाबद्दल त्याला 'चौकशी आहे' एवढेच सांगायचे. निळी वही वाईट नव्हे. धंदा तिथूनच सुरू होतो. वर्षाला निळीत जितकी नावे चढतात त्यांतली दहाला एक किंवा दोन लालीत येतात, असा आमच्या दुकानाचा हिशेब आहे.

पैसे वसुलीचा कायदाही लाल वहीलाच मदत करतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ प्रमाणे, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी ठरले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हप्त्याने चक्रवाढ व्याज लागते. आपण व्याज घ्यावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मुद्दल वसुलीसाठी त्याच कायद्याखालील सुविधा परिषदेकडे जाता येते. तिथे ऑर्डर, चलन, बिल मागतात. २४ पानांची रंगीत फाईल तिथे कोणी उघडूनही पाहणार नाही.

त्या तरुणाला आम्ही हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही, तेवढा त्याला धीरही नव्हता. एवढेच म्हणालो, "मागांचा विसार दोन दिवस थांबव आणि इस्पितळाच्या खरेदी विभागाला फोन कर." दुसऱ्या दिवशी त्याने आमच्यासमोरच फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सांगितले की चादरींची निविदा अजून निघालेली नाही, निघाल्यावर कोणालाही भरता येईल, नोंदणीसाठी कोणते कागद लागतात ते पाठविते. त्याने कागदांची यादी घेतली. मागवाल्याला नाही म्हणून कळविले. मार्केटिंगवाल्याला पाच मीटर नमुना दिला, पैसे घेऊन, पावती करून. मग त्याने आमच्या दुकानातून दोन वह्या मागवून घेतल्या. निळीचे पहिले पान भरले आहे.